स्टेशनपासून पाच मिनिटं

डोंबिवलीत घराच्या जाहिरातीत अंतर कधी किलोमीटरमध्ये सांगत नाहीत. ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ म्हणतात. ही मिनिटं कुणाची, ते विचारायचं नसतं. बहुधा रात्री दोन वाजता, मोकळ्या रस्त्यावर, हातात पिशवी नसलेल्या एखाद्या धावपटूची असावीत. सीएसएमटी इथून जवळपास ४८ किलोमीटर. पण तेही आपण ‘फास्टने तास-सव्वा तास’ म्हणून उडवून लावतो.

हल्लीच्या जाहिरातीत पोहण्याचा तलाव असतो, जिम असते, ‘योगा डेक’ असतो. सातची गाडी पकडून रात्री साडेआठला परतणाऱ्याने तलावात उतरायचं कधी? रविवारी म्हणाल, तर त्या दिवशी गिरणी, इस्त्री आणि राहिलेली झोप. तलाव पाहुण्यांना गॅलरीतून दाखवायचा आणि त्याचा मेन्टेनन्स कोरड्या अंगाने भरायचा. उन्हाळ्यात त्याच फाटकातून पाण्याचा टँकर आत येतो, तेव्हा दोघांनी एकमेकांकडे न पाहिलेलंच बरं.

खऱ्या सोयी आहेत त्या स्टेशन ते घर या वाटेवर. निवडलेली मेथी, सोललेले मटार, खवलेला नारळ. आणि पोळी-भाजी केंद्र! गाडीत उभ्याने आलेल्या बाईला तिथे जे मिळतं, ते कुठल्या क्लबहाउसात मिळणार? आमच्या केंद्रातल्या काकूंना तर रेल्वेच्या आधी सगळं कळतं.

“वहिनी, कसारा रखडलीय. तुमच्या मिस्टरांच्या पोळ्या बाजूला ठेवते.”

“आणि भाजी?”

“दुधी आहे, पण त्यांना सांगू नका. रस्सा म्हणा.”

दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर नटूनथटून नुसतं उभं राहायचं, हीही सोयच. खरेदी नाही, काम नाही. ओळखीचे चेहरे बघायचे, आपला दाखवायचा. गुढीपाडव्याची शोभायात्रा १९९९ साली इथूनच निघाली, मग गावोगाव गेली. याचे पैसे अजून कुठल्या बिल्डरने चौरस फुटात लावलेले नाहीत, हे त्यांच्या लक्षात आणून देऊ नये.

आमच्या संकुलाच्या वार्षिक सभेत परवा ठराव आला, की क्लबहाउसातला रिकामा कोपरा काकूंना द्यावा. योगावाल्यांनी कडाडून विरोध केला. गुरुवारी थालीपीठ मिळेल हे कळेपर्यंत.