कोजागरीचं चिंतनशिबिर

आश्विनी पौर्णिमेला गच्चीवर मित्र जमवून दूध आटवलं, एवढ्यावर हल्ली कोजागरी भागत नाही. यजमानांना ‘अर्थपूर्ण’ रात्र हवी असते. म्हणून निमंत्रणातच अट: पत्ते नाहीत, भेंड्या नाहीत, सरत्या पावसाळ्याने आपल्याला काय शिकवलं, ते प्रत्येकाने सांगायचं. पहिला म्हणतो, ‘सोडून द्यायला शिकलो.’ त्याने सोडून दिलेली गोष्ट म्हणजे सोसायटीचा मेंटेनन्स, हे खजिनदार मनात नोंदवतो. दुसरी ‘मी वर्तमानात जगते’ म्हणत दुधातल्या चंद्राचे अकरा फोटो काढते. अकराही फोटोंत गच्चीवरचा हॅलोजन येतो.

मध्यरात्री लक्ष्मी कोण जागं आहे ते बघत फिरते, अशी श्रद्धा. पण जागरणासाठी आपण पितो काय, तर केशर, वेलदोडा आणि जायफळ घातलेलं गरम दूध! हेच जायफळ आजी बाळाला झोप यावी म्हणून उगाळून देते. त्यात चार आत्मपरीक्षणांची भर पडली, की साडेदहालाच सगळे आडवे. लक्ष्मी येते तेव्हा जागा असतो तो फक्त थकबाकीची यादी घेऊन बसलेला खजिनदार. तिलाही तो आधी फ्लॅट नंबर विचारतो.