न मिटणारी मूठ

टेबलावर हँड ग्रिपर ठेवलेला असताना त्याला हात न लावता पुढे गेलेला पुरुष माझ्या तरी पाहण्यात नाही. पेपरवेट कोणी उचलून बघत नाही, स्टेपलर कोणी उगाच दाबत नाही. पण दोन दांडे आणि मधे एक स्प्रिंग एवढ्या भांडवलावर ही वस्तू अख्ख्या ऑफिसचा पुरुषार्थ जागा करते. येणारा बोलता बोलता ग्रिपर उचलतो, सहज दाबल्यासारखं करतो आणि दांडे मधेच अडले की चेहरा तसाच ठेवून विचारतो, "किती किलोचा आहे हो हा?" आकडा जितका मोठा सांगावा तितकं त्याला बरं वाटतं. आपण कमी पडलो नाही, स्प्रिंग जास्त झाली.

खेळाच्या सामानाच्या दुकानात काउंटरवर लटकलेले फोमच्या मुठीचे ग्रिपर वेगळे. ते मालिका बघता बघता शंभर वेळा दाबता येतात, आणि तीच त्यांची अडचण आहे. शंभर वेळा होणाऱ्या व्यायामाने दम वाढेल, ताकद फारशी वाढत नाही. शिवाय दाबणाऱ्याचं लक्ष मालिकेत असतं, हातात नसतं.

या विषयात खरे गंभीर लोक बघायचे तर अमेरिकेत जावं लागतं. कॅलिफोर्नियातल्या आयर्नमाइंड या कंपनीचे 'कॅप्टन्स ऑफ क्रश' नावाचे ग्रिपर आहेत. पोलादी स्प्रिंग, ॲल्युमिनियमचे खरबरीत दांडे, फोमचे लाड नाहीत. पहिल्या क्रमांकाचा 140 पौंडांचा, म्हणजे साधारण 63 किलोंचा. दुसरा 195 पौंडांचा, तिसरा 280 चा आणि चौथा 365 चा. तिसरा मिटवल्याचं पहिलं प्रमाणपत्र 1991 मध्ये रिचर्ड सोरिन यांना मिळालं. चौथा मिटायला 1998 उजाडलं. तो जो किनी यांनी मिटवला. हे सगळं पंचांसमोर आणि नियमाने चालतं. दांडे आधीच हळूच जवळ आणून कोणी सूट घेऊ नये म्हणून सुरुवातीला त्यांच्यामध्ये क्रेडिट कार्डाची रुंदी मावली पाहिजे, अशी अट आहे. खिशाला चाट न लावता क्रेडिट कार्ड उपयोगी पडतं असं हे एकच ठिकाण मला माहीत आहे.

नवशिक्याला छळतात ते शेवटचे चार-पाच मिलिमीटर. तिथवर ग्रिपर अगदी घरच्यासारखा वागतो. पण स्प्रिंग जितकी वळावी तितकी ती हट्टी होते, आणि त्याच वेळी आपली बोटं पुरती दुमडत आल्याने त्यांचे स्नायू आखूड होऊन दुबळे पडलेले असतात. तिचा जोर वाढतो नेमका तेव्हा आपला संपतो. आणि बोटांचे स्नायू म्हणायचे तरी ते बोटांत कुठे असतात? एका हाताने दुसरा हात कोपराखाली धरा आणि बोटं हलवून बघा. सगळी वळवळ तिथे चाललेली असते. बोटं नुसती दोरीवरची कामगार.

म्हणून जाणकार पहिली गोष्ट शिकवतात ती दाबायची नाही, बसवायची. ग्रिपर तळहाताच्या मधोमध न ठेवता एक दांडा अंगठ्याच्या बुडाशी टेकवायचा, दुसऱ्या हाताने दांडे थोडे जवळ आणायचे आणि करंगळीला नीट जागा करून द्यायची. ही करंगळी स्प्रिंगपासून सर्वांत लांब, म्हणजे तरफेचा फायदा सर्वांत जास्त तिच्याकडे. घरात जिला कोणी विचारत नाही तिच्यावर शेवटी संसार चालावा, तसं हे आहे.

मग थोड्याच वेळा दाबायचं, तीन ते पाच. पण प्रत्येक वेळी दांड्याला दांडा टेकवून, आणि टेकल्यावरही क्षणभर आवळत राहायचं. जो मिटत नाही तो दोन्ही हातांनी मिटवायचा, एक हात सोडायचा आणि उरलेल्या हाताने त्याला उघडताना अडवायचं. किनींचा भर याच उलट्या कसरतीवर होता. हरत हरत ताकद कमवायची ही युक्ती मला फार आवडते. त्यानंतर दोन-तीन दिवस हाताला पूर्ण विश्रांती. आपल्या लोकांना व्यायाम रोज करण्याचा किंवा कधीच न करण्याचा सराव असल्याने हा मधला मार्ग पचनी पडत नाही.

आमच्या ऑफिसात पाण्याचे वीस लिटरचे जार घेऊन येणारा मुलगा मात्र यातलं काही शिकलेला नाही. दोन हातांत दोन जार, मानेला धरलेले, आणि लिफ्ट बंद. त्याने एकदा फोनवर बोलता बोलता पहिल्या क्रमांकाचा ग्रिपर मिटवला आणि परत ठेवला. हे आपण काही विशेष केलं हे त्याच्या गावीही नव्हतं. तरीही आवळणं, चिमटीत धरणं आणि लटकतं वजन पेलून धरणं या तीन वेगवेगळ्या ताकदी आहेत. ग्रिपर त्यातली मुख्यतः पहिली देतो. लोकलच्या कडीला धरून विरार गाठणाऱ्याची तिसरी. दोरीच्या मल्लखांबावरची मुलगी तर दोर पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात धरून वर चढते. तिच्या पायांनाही मूठ असते.

2015 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 17 देशांतल्या सुमारे 1 लाख 40 हजार लोकांच्या पकडीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. भारतही त्यात होता. पकड 5 किलोंनी कमी असली की मृत्यूची शक्यता सरासरी 16 टक्क्यांनी जास्त आढळली. ही बातमी वाचून माझ्या ओळखीच्या एका काकांनी तडक ग्रिपर आणला आणि सिग्नलला गाडी थांबली की दाबायला सुरुवात केली. त्यांना कोण सांगणार की पकड हे सगळ्या शरीराचं प्रगतिपुस्तक आहे. नुसत्या त्या पुस्तकावर रंगरंगोटी करून पोरगा पास होत नाही. काकांनी त्यापेक्षा गाडी घरी ठेवून चालत जावं.

ग्रिपर घेणारच असाल तर एकदम भारी घेऊ नका. नीट बसवून चार-पाच वेळा पूर्ण मिटेल असा घ्या, दाबताना श्वास रोखू नका आणि कोपर दुखायला लागलं तर थांबा. आणि मूठ मिटण्याच्या नादात ती उघडणारे स्नायू उपाशी राहतात, त्यांचीही सोय करा. कोथिंबिरीच्या जुडीला येणारं रबर पाचही बोटांभोवती अडकवायचं आणि बोटं फाकवायची, एवढंच. हा व्यायाम फुकट आहे, तेव्हा ती रबरं टाकू नका.