मा. नागरमोथा यांस जाहीर आभारपत्र

प्रति,
मा. नागरमोथा ऊर्फ लव्हाळा,
मुक्काम : बंगल्यापुढची हिरवळ, पुणे.

सा. न. वि. वि.

पहिल्या पावसानंतर आपले कोंब लॉनमधून वर आलेले पाहून बंगलेवाले हवालदिल झाले आहेत, हे आपल्या कानावर आलंच असेल. आपण आगंतुक आहात, असा त्यांचा समज आहे. तो दूर व्हावा आणि ज्यांनी आपल्याला इतक्या प्रेमाने सांभाळलं त्यांचे चारचौघांत आभार मानले जावेत, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

आपला दबदबा जुना. जगातल्या सर्वांत उपद्रवी तणांवर 1977 साली लेरॉय होल्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रंथ काढला, त्यात पहिला मान आपल्याला मिळाला. पण बंगल्यात शिरण्यासाठी हा लौकिक खर्ची घालावा लागला नाही. हिरवळ घालायची ठरली तेव्हा नर्सरीतून लॉनच्या शीट आल्या, ट्रकभर लाल माती आली, अर्धवट कुजलेलं शेणखत आलं आणि त्यांच्याबरोबर आपल्या गाठीही आल्या. माती चाळावी, पसरून पाणी मारावं, दोन-तीन आठवडे काय उगवतंय ते बघावं आणि मग शीट लावाव्यात, असं माळीबुवा सांगत होते. पण वास्तुशांतीची तारीख ठरली होती.

दर जुलैत बंगलेवाले टीव्हीसमोर बसून विम्बल्डन बघतात. खेळापेक्षा त्यांचं लक्ष गवताकडे. तिथलं गवत 8 मिलिमीटरवर कापतात, हे त्यांनी कुठेतरी वाचलं आहे. ते 2001पासून संपूर्ण बारमाही रायग्रासचं आहे, थंड हवेतलं आहे आणि त्याच्या दिमतीला वर्षभर पगारी माणसं असतात, हा भाग वाचायचा राहिला. बंगल्यापुढे आहे ती हरळीची जात. तिला सव्वा ते दीड इंच उंची मानवते, आणि एका वेळी पात्याचा तिसरा हिस्साच कापायचा असतो. बंगलेवाले तीन आठवडे मशीनला हात लावत नाहीत आणि एका रविवारी थेट ‘झीरो कट’ मारतात. गवत पिवळं पडतं, बुडखे उघडे होतात, ऊन मातीपर्यंत पोचतं. आपल्याला सावली सोसत नाही. दाट, थोडी उंच हिरवळ असती तर आपल्या नव्या कोंबांची उपासमार झाली असती. ती वेळ त्यांनी येऊ दिली नाही.

मशीनची पाती शेवटची कधी परजली, हे विचारून त्यांना लाजवू नये. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं; मग शेंडे तपकिरी पडतात आणि दोष उन्हाला जातो.

पाण्याच्या बाबतीत तर त्यांचा हात फारच सढळ. रोज संध्याकाळी पाइप धरून दहा मिनिटं शिडकावा. वरची दोन बोटं माती सतत ओली राहते, खाली कोरडीठाक. त्यामुळे गवताची मुळं वरच रेंगाळतात आणि पाइप एक दिवस चुकला की गवत मान टाकतं. आपल्या गाठींना मात्र अशी ओल म्हणजे पर्वणी. हिशेब सोपा आहे : एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. 100 चौरस मीटरवर 5 मिलिमीटर पाणी द्यायचं तर 500 लिटर लागतात. शहरी माणसामागे दिवसाला 135 लिटर हे सरकारी प्रमाण धरलं, तर जवळपास चौघांचं पाणी झालं. तेच पाणी आठवड्यातून एकदा-दोनदा, पहाटे, वीतभर खोल मुरेल असं दिलं तर गवताची मुळं त्याच्यामागे खाली उतरतात. एप्रिल 2016मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी जात होतं, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवायला लावले. मैदानं भिजवण्याच्या उधळपट्टीवर बंगलेवाले तेव्हा तावातावाने बोलत होते. हातात पाइप होताच.

युरियाचं काय सांगावं! 100 चौरस मीटरला एका वेळी किलोभर पुरतो, तोही सारखा फेकून लगेच पाणी देऊन. इथे मुठी मोजायची पद्धत नाही. जिथे जास्त पडला तिथे गवत करपलं, टक्कल पडलं, आणि ती जागा आपल्या नावावर झाली.

आता आपल्याला हुसकण्याची मोहीम निघाली आहे. माणूस लावून उपटणं चालू आहे. पात हातात येते, गाठ जमिनीत राहते. एकीला दुसरी जोडलेली असते, आणि साखळी तुटली की प्रत्येक गाठ स्वतंत्र संसार थाटते. नंतर तणनाशक आणलं, तेही ग्लायफोसेट. ते हिरवं दिसेल त्यावर चालतं, म्हणून आधी हरळी गेली.

तरीही बेसावध राहू नये. शेजारच्या प्लॉटवरच्या काकूंनी मशीन एक खाच वर चढवलं आहे. आपला कोंब दिसला की खुरप्याने गाठीसकट काढतात आणि दर दोन-तीन आठवड्यांनी फेरी मारतात, म्हणजे नवी गाठ धरायला आपल्याला सवडच मिळत नाही. कोपऱ्यातली पडीक पट्टी त्यांनी एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात तापवली. वर आलेल्या गाठी वाळून गेल्या. फारच चिवट जागी त्या हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल वापरतात, लेबलवरचं प्रमाण चष्मा लावून वाचून. हे औषध आपल्याला ओळखतं आणि हरळीला सोडतं. त्या कुंपणाकडे फिरकू नये, हे उत्तम.

कळावे. लोभ आहे, तो वाढवायला बंगलेवाले समर्थ आहेत.

आपला,
कुंपणाबाहेरचा एक हितचिंतक

ता. क. : आपल्याला उपटून काढण्याची मजुरी बंगलेवाल्यांनी या आठवड्यात चुकती केली. नरक चतुर्दशीला तेच आपल्याला वाळवून, कुटून, उटण्याच्या पाकिटात भरलेलं विकत आणतील आणि अंगाला लावतील. तेव्हा वासावरून ओळख पटलीच, तर लॉनचा विषय काढू नये.