कडेकोट

गृहनिर्माण सोसायटीच्या बागसमितीत एक गृहस्थ हमखास असतात. बहुधा निवृत्त, बहुधा सरकारी खात्यातून. शेवंती आणि झेंडू यांतला फरक त्यांना विचारू नये; पण वाफ्याला कड कशाची लावायची, या विषयावर ते सर्वसाधारण सभेचा पाऊण तास आरामात खातात. त्यांना आपण कडोबा म्हणू. माझं म्हणणं एवढंच, की कडोबांना बाग नकोच असते, हद्द हवी असते. पुरावा त्यांच्या पसंतीतच आहे. विटा हव्यात, त्याही तिरप्या, अर्ध्या मातीत अर्ध्या वर, करवतीच्या दात्यांसारख्या. मग एक गेरूची, एक चुन्याची. हा थाट विश्रामगृहाचा आणि पोलिसांच्या परेड मैदानाचा. तिथे तो शोभतो, कारण तिथे झाडांनीही सावधानमध्येच उभं राहायचं असतं. पक्की भाजलेली वीट दुसऱ्या विटेवर आपटली की खणखणते आणि कच्ची नुसती 'थप्' करते, हे कुठलाही गवंडी सांगेल. कडोबा आवाज ऐकत नाहीत, दर ऐकतात. उरलेलं गेरू झाकतो, आणि दोन पावसाळ्यांत गेरूसकट विटेचे पापुद्रे सुटतात.

यावर कोणी म्हणेल, कड नसेल तर पहिल्याच वळवाला माती वाटेवर येईल. अगदी खरं. पण माती अडवायची आणि पाणी सोडायचं, ही दोन्ही कामं कडेचीच. कोकणातला जांभा ती मुकाट्याने करतो. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवा लागली की टणक होतो, आणि चिरे नुसते शेजारी शेजारी मांडले तरी सांध्यांतून पाणी वाट काढतं. घाटावर काळा दगड तसाच चालतो. कडोबांना मात्र सांधा दिसला की अस्वस्थ वाटतं. ते सिमेंट ओततात, वाफ्याचा हौद होतो, आणि जुलैत मुळं कुजली की दोष नर्सरीवाल्याचा. 'निदान हरळी तरी थांबते ना?' असं ते विचारतात. तीही थांबत नाही. हरळी जमिनीखालून सरकते. चार बोटं रोवलेली वीट ती सहज ओलांडते. वीतभर खोल चर खणून दगड बसवला तर थोडी अडेल, पण ते काम वरून दिसत नाही, म्हणून ते सभेत मंजूर होत नाही. लव्हाळ्याबद्दल तर बोलायलाच नको. उलट्या पुरलेल्या बाटल्यांची कड फुकटात होते, पण ती फुटली तर मुलांच्या पायांशी काच. कडोबांचा विरोध वेगळ्याच कारणाने: एवढ्या बाटल्या कोणत्या मजल्यावरून आल्या, हा प्रश्न इतिवृत्तात नोंदवावा लागेल.

श्रावणात लाल-पांढऱ्या विटांच्या फटीतून हरळी डोकं वर काढते. कडोबा माळ्याला बोलावत नाहीत, रंगाऱ्याला बोलावतात.