पाठीवरचा नवरदेव

ऐकलं का काही? नागपूरच्या महालातल्या एका शिंपीदादाकडे परवा नवरदेवाला चारी बाजूंनी ताणून, दोरीनं आवळून ठेवलं होतं आणि दोन कारागीर त्याच्या नाकात सुया खुपसत होते! नवरदेव रेशमाचा हो. नवरीच्या ब्लाउजच्या पाठीवर जोडप्याचं चित्र भरून घ्यायचंय म्हणे. सासरच्यांकडे पाठ करून बसू नये, असं आपल्या आयांनी आपल्याला शिकवलं. आता हिनं पाठ केली तरी सासूला तिचाच मुलगा दिसणार, तोही फेट्यासकट!

काय करून राहिले बाप्पा लोक?

बरं, आपण काही मुद्दाम बघायला गेलो नव्हतो. फॉल-पिकोची साडी आणायला गेलो होतो. पण तिथे दीड तास कसा गेला, विचारू नका. आधी कागदावर चित्र काढतात, मग त्या रेघांवर टोचून टोचून बारीक भोकं पाडतात. कागद कापडावर ठेवून पांढरी भुकटी रॉकेलमध्ये कालवून वरून बोळा फिरवला की खाली ठिपक्यांचा नवरदेव उमटतो. मग ते कापड अड्ड्यावर, म्हणजे लाकडी चौकटीवर, ताणायचं. एक हात वर, एक खाली. वरून आकडीची आरी खुपसायची, खालच्या हातानं तिला धागा द्यायचा आणि साखळी ओढत जायची. मणी, कटदाणा, जरी. शिलाई सगळ्यात शेवटी. म्हणजे माप आधी, भरतकाम मग आणि नवरी अंगात घालणार तीन महिन्यांनी. मधल्या काळात केळवणं होतात त्याचं काय? दादा शांतपणे म्हणाले, "दोन-दोन इंच मार्जिन सोडतो ताई. केळवणाचं." या माणसाला समाजशास्त्राची पदवी का देत नाहीत कुणी?

नाक मात्र जरा जाडच झालं होतं. नवरीनं फोनवर फोटो मागवला, दोन बोटांनी मोठा करून पाहिला आणि कळवलं, उसवा. साडी किती रुपयांची आणि ब्लाउजची मजुरी किती, हे आपण अगदी सहज विचारलं. मजुरी साडीच्या वर! एके काळी साडीच्याच पदरामागचा तुकडा कापून ब्लाउज शिवायचा, उरलेल्या चिंधीत आईचा बटवा व्हायचा. आता साडी ब्लाउजला मॅचिंग शोधतात. बर्डीवर एक पोरगी ब्लाउजचा तुकडा घेऊन साडी शोधत फिरताना आपण या डोळ्यांनी पाहिली आहे.

हे सगळं सुरू कुठून झालं? आपलं मत पक्कं आहे: ऑगस्ट १९९४. 'हम आपके हैं कौन' लागला, माधुरी दीक्षित जांभळी साडी नेसून पाठमोरी झाली आणि गल्लीगल्लीतल्या टेलरांची झोप उडाली. त्याच सिनेमानं आपल्या साध्यासुध्या मांडवात जोडे पळवायला शिकवलं. नवरीकडच्यांना तोवर भावाच्या कानपिळीच्या पलीकडे कमाईचं साधन माहीत नव्हतं. पुढे डिसेंबर २०१५ मध्ये 'बाजीराव मस्तानी' आला आणि ज्यांच्या आज्यांनी कौतुकानं नऊवारी सोडून पाचवारी धरली होती त्या नाती नऊवारी शिवून मागू लागल्या. शिवून! पायजम्यासारखी पाय घालून चढवायची, नाडी बांधायची, झाल्या काशीबाई. डिसेंबर २०१७ मध्ये अनुष्का शर्मानं इटलीत फिकट गुलाबी लेहंग्यात विराटला माळ घातली, त्याचे पडसाद थेट इतवारीपर्यंत. 'पेस्टल दाखवा, पेस्टल!' या रंगाला आपल्या घरी आजवर एकच नाव होतं, धुऊन धुऊन विटलेला.

पण ब्लाउज परवडला अशी पाळी आणली ती प्री-वेडिंगनं. साक्षगंध झालं की पूर्वी मुलगा-मुलीनं फार तर आइस्क्रीम खायचं, तेही धाकट्या बहिणीला मधे बसवून. आता साक्षगंधाच्या दुसऱ्या दिवशी लोकेशनची यादी निघते. शनिवारी संध्याकाळी फुटाळा तलावावर जाऊन बघा. (आपण गेलो नव्हतो. आपण तेलंगखेडीच्या मारुतीला गेलो होतो.) सूर्य तळ्याच्या पलीकडे उतरू लागला की काठावर जोडप्यांची दाटी. मावळतीची ती वीस मिनिटं म्हणजे म्हणे सोन्याची, तेव्हाच गालांवर उजेड बरोबर पडतो. म्हणून सगळ्यांना तीच वीस मिनिटं हवीत आणि तोच कठडा हवा. एक जोडपं डोळ्यांत डोळे घालून उभं, दुसरं आपला नंबर कधी लागतो म्हणून घड्याळात बघत उभं. मध्ये कणीसवाला, त्याच्या शेगडीचा धूर फुकटचा. एका फोटोग्राफरनं त्यालाच विचारलं, "दादा, जरा जास्त फुंकता का?"

आणि तो गाऊन! भाड्याचा, लालभडक, मागे सहा हात शेपूट. त्यातली गंमत आपल्याला त्याच दिवशी कळली. समोरून बघाल तर राजकन्या. मागून बघाल तर उसाच्या मोळीसारखी नाडी आवळलेली आणि तरी सैल राहिलं तिथे कपडे वाळत घालायचे चिमटे. एकच गाऊन, अख्ख्या सीझनभर सगळ्या मापांच्या मुलींना बसतो तो असा. एक पोट्टा ते शेपूट दोन्ही हातांनी उचलतो, 'वन, टू, थ्री' झालं की हवेत भिरकावतो आणि फ्रेमबाहेर जिवाच्या आकांतानं पळतो. फोटोत वाटतं, वारा आला. वारा कसला येतो? मे महिन्यात? २०१३ च्या मे मध्ये पारा ४७.९ वर गेलेलं हे आपलं गाव. इथे मखमलीचं जॅकेट घालून 'सर, नॅचरल हसा' म्हटल्यावर तो बिचारा हसतो, हे प्रेम नाही तर काय?

फुटाळा ज्यांना घरगुती वाटतो ते रामटेकला जातात. पन्नास किलोमीटर, फोटोवाल्याच्या गाडीचं पेट्रोल आपल्या खिशातून. रामटेक म्हणजेच कालिदासाचा रामगिरी, हे आपल्या संशोधक वा. वि. मिराशींनी पुराव्यांनिशी मांडलं. बायकोपासून वर्षभर ताटातूट झालेला यक्ष इथूनच ढगाच्या हाती निरोप धाडतो. आता त्याच टेकडीवर नवरानवरी एकमेकांना चिकटून उभी, ढग हवा तर रंगीत धुराची नळकांडी पेटवतात, हव्या त्या रंगात, आणि वर निरोप्या म्हणून ड्रोन. यक्षाला एक ड्रोन मिळाला असता तर संस्कृत साहित्याचं केवढं नुकसान झालं असतं! ज्यांना तेही जुनं वाटतं त्यांच्यासाठी आपल्या मेट्रोनं 'सेलिब्रेशन ऑन व्हील्स' काढलं, वाढदिवस करा, प्री-वेडिंग करा, तासाच्या भाड्यानं अख्खी गाडी घ्या. नाही तरी वरात वेळेवर पोचल्याचं नागपुरात कुणी पाहिलंय? निदान फोटोत तरी वेळापत्रकावर धावली.

लग्नाच्या दिवशीचं तर बोलूच नका. पत्रिकेत सात वाजून बारा मिनिटं, वरात लॉनच्या फाटकाशी साडेनऊला. हळद आता हळद राहिली नाही, 'हल्दी' झाली. जुनेरं नेसून अंगणात लावून घ्यायची ती, आता पाहुण्यांना आठवडा आधी निरोप: सर्वांनी पिवळं घालावं. हळदीचे डाग पडू नयेत म्हणून पिवळ्या कपड्यांना हळद लावायची नाही, फक्त बोट जवळ न्यायचं. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, गुरुजी पुढे सरकले तर मागून हाक: "गुरुजी, एक मिनिट, माळ परत!" परत? देवाब्राह्मणांसमक्ष झालेलं लग्न परत? गुरुजींनीही शेंडीला हात लावून विचारलं, "मी कुठे बघू?" स्टेजवर काय चाललंय ते कळायचा एकच मार्ग, बाजूचा मोठा पडदा, कारण समोर आठ कॅमेऱ्यांची भिंत. अशा वेळी समजदार वऱ्हाडी काय करतो? वांग्याची भाजी आणि वरण-भात सुरू झाला का बघतो.

एवढ्यात काही समाजमंडळांनी ठराव केले म्हणे, प्री-वेडिंग बंद, संस्कृती बुडाली. फार छान. ठरावाच्या सभेचे फोटो निघालेच, हात वर केलेले, अगदी नॅचरल.

आणि सगळ्यात कडक बोलणाऱ्या आपल्या कॉलनीतल्या काकू! 'लग्नाआधी असं चिकटून फोटो? आमच्या वेळी तर एका रोलमध्ये छत्तीस फोटो आणि त्यातले तीस मामांचे.' धाकट्याचं ठरलं तेव्हा काकू म्हणाल्या, मी नुसती सोबतीला जाते, लोक काय म्हणतील. दोन तासांनी चंदेरी चकती हातात धरून सुनेच्या गालावर ऊन पाडत उभ्या. फोटोग्राफरला सांगत होत्या, "हनुवटी खाली घे म्हणा हिला, डबल दिसून राहिली." आता पोरं लग्न ठरलं की आधी काकूंना विचारतात, मग गुरुजींना. त्यांच्या यजमानांनी बँकेतून निवृत्त झाल्यावर कॅमेरा घेतलाय आणि सेमिनरी हिल्सवर पक्षी टिपायला जातो म्हणतात. पक्षी कुठला! परवा मोबाईलवर दाखवत होते, दोघे जण, मागे झाडं धूसर.

हसताय? तुमच्या मोबाईलमध्ये 'ब्लाउज बॅक डिझाइन' नावाचे किती फोटो जपून ठेवलेत, ते बघा आधी. सातव्या पानावरची ती जाळीवाली पाठ, बरोबर? आम्हालाही तीच आवडली होती, पण आमच्या शिंपीदादांनी स्पष्ट सांगितलं, ताई, या वयाला बोट-नेक करा.

तर आपल्या लग्नाला येत्या महिन्यात पस्तीस वर्षं होतात. पाठीवर कुणालाही भरलेलं नाही, फक्त दोन मोर, छोटे. ह्यांचं जॅकेट ड्रायक्लीनला गेलंय. येत्या शनिवारी संध्याकाळी फुटाळ्यावर पावणेसहाचा नंबर आहे, काकू चकती घेऊन येतायत. शेजाऱ्यांना तेलंगखेडीच्या मारुतीला चाललोय असं सांगितलंय. तुम्ही फिरायला निघालात तर तेवढं जरा दुरूनच जा, फ्रेममध्ये याल.