खेकडा हाजिर हो!

२ जुलै २०१९. रात्री साडेनऊचा सुमार. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. धरण म्हणजे डोळ्यांसमोर कोयना आणू नका. हे मातीचं, लहानसं, तालुक्याबाहेर कुणी नावही ऐकलेलं नसेल असं. खालच्या भेंदवाडीवर पाणी आलं ते निजानीज व्हायच्या वेळेला. वीसहून जास्त माणसं गेली.

मग चौकशी, पथक वगैरे रीतीप्रमाणे झालं. पण चौकशी संपायच्या आधीच आरोपी सापडला. तेव्हाचे जलसंधारणमंत्री तानाजी सावंत यांनी सांगितलं, धरणात खेकडे फार झाले होते, त्यांनी भिंत पोखरली. महाराष्ट्रात इतका चपळ तपास त्याआधी झाला नव्हता आणि त्यानंतरही झालेला नाही. विरोधकांनी लगोलग जिवंत खेकडे घेऊन ठाण्याचं पोलीस ठाणं गाठलं. म्हणाले, करा अटक. पोलिसांची अडचण समजून घ्या. खेकड्याला पाय दहा, बेडी दोनांपुरती.

लोक हसले आणि विषय मिटला. माझं मात्र तेव्हापासून एक म्हणणं आहे: मंत्री खोटं बोलले नव्हते, ते अर्धं बोलले होते. खेकडा भिंत पोखरतो, अगदी मन लावून पोखरतो. खाडीकाठच्या खारबांधांची राखण करणाऱ्या कुणालाही विचारा. घूस पोखरते, उंदीर पोखरतात, बाभळीची मुळं भिंतीत शिरतात, झाड वाळलं की मुळाच्या जागी नळी उरते. हे कुणा अभियंत्याने काल लावलेले शोध नाहीत. भातखाचराच्या बांधाला भोक दिसलं की कोकणातला शेतकरी काय करतो? चिखलाचा गोळा थापतो, टाचेने दाबतो आणि आरोपीला संध्याकाळी कालवणात घालतो. खटला निकाली. त्यासाठी एकच गोष्ट लागते. सकाळी बांधावर फेरी मारावी लागते.

सरकारी धरणाला ती फेरी नाही.

मातीचं धरण म्हणजे ढिगारा नव्हे. पुरणपोळीसारखा प्रकार असतो. पोटात काळ्या चिकणमातीचा गाभा, त्याच्या अंगावर मुरमाचं जाड आवरण, पाण्याच्या बाजूने दगडांचं पिचिंग. थर टाकायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, मग पुढचा थर. भिंतीच्या एका अंगाला सांडवा, म्हणजे जास्तीचं पाणी निमूट निघून जायची वाट. ही वाट तुंबली तर पाणी भिंतीच्या माथ्यावरून जातं आणि तिथे सगळं संपतं. लोणावळ्याच्या भुशी धरणावरून पाणी वाहतं तेव्हा लोक त्यात बसून भजी खातात, कारण ते दगडी. मातीच्या भिंतीवरून पाणी गेलं तर दहाव्याची तयारी करायची.

आणि या वाटेवर आपण काय करतो? मासे निसटू नयेत म्हणून ठेकेदार सांडव्याला जाळं लावतो. त्यात पालापाचोळा अडकतो. पाणी जरा जास्त साठावं म्हणून कुणी सांडव्याच्या तोंडावर पोती रचतो. त्याचा हेतू चांगलाच असतो. उन्हाळ्यात त्याच्या विहिरीला पाणी लागतं. पोरं सांडव्यात क्रिकेट खेळतात, त्यांचं मात्र काही चुकत नाही. तेवढीच जागा कुणीतरी साफ ठेवतं.

गेल्या पावसाळ्यात एका अशाच तळ्यावर गेलो होतो. नाव नको, गाव नको. असली तळी ढीगभर आहेत. भिंतीवर घाणेरीची झुडपं कमरेएवढी. पायथ्याशी एक म्हातारेबुवा उकिडवे बसलेले, हातात स्टीलचा पेला. मला वाटलं, तोंड धुताहेत. ते भिंतीखालून झिरपणारं पाणी पेल्यात धरून उजेडाकडे बघत होते.

“काय बघताय मामा?”

“पाणी बघतो.”

“गळतंय की हो धरण.”

“मातीचं हाय, गळायचंच. निवळ गळतंय तोवर गळू द्या. गढूळ आलं की समजायचं, पाण्यासंगं भिंतबी चालली.”

अभियांत्रिकीच्या पुस्तकात यावर एक अख्खं प्रकरण असतं. पाणी मातीतून वाट काढतं, जाताना कण घेऊन जातं, वाट रुंदावते, अजून पाणी येतं, अजून माती जाते. बाहेरून भिंत ठणठणीत, आतून नळी. मग काही तासांचा खेळ. मामांनी ते प्रकरण वाचलेलं नव्हतं. त्यांचं घर भिंतीच्या खालच्या अंगाला होतं, एवढंच.

मी विचारलं, साहेब कधी येतात? मामा म्हणाले, “आले हुते की. उद्घाटनाला.”

आता हे धरण कुणाचं, हा प्रश्न विचारून बघा. शंभर हेक्टरपर्यंत भिजवत असेल तर जिल्हा परिषदेचं. त्याच्या वर गेलं तर जलसंधारणाचं. आणखी वर गेलं तर जलसंपदाचं. पाणी भरलं की तिन्ही खात्यांचं, गळायला लागलं की शेजारच्या खात्याचं. देशात सगळ्यात जास्त मोठी धरणं आपल्या राज्यात, हे आपण छाती फुगवून सांगतो. लहानग्यांची मोजदाद मात्र बारशाच्या यादीसारखी, कुणी लिहिली तर लिहिली.

२०२१ साली देशात धरण सुरक्षा कायदा आला. कायदा बरा आहे. पावसाळ्याआधी पाहणी, पावसाळ्यानंतर पाहणी, सगळं सांगितलंय. फक्त तो लागू कुणाला? पंधरा मीटरपेक्षा उंच धरणाला. दहा ते पंधरामध्ये असेल तर लांबी, साठा, विसर्ग अशा अटींपैकी एखादी पुरी करावी लागते. दहा मीटरच्या आतलं धरण या कायद्याच्या लेखी धरणच नाही. त्याने फुटताना हे लक्षात ठेवावं आणि आपली पायरी ओळखून जरा हळू फुटावं, अशी अपेक्षा असणार.

कायद्यात नाहीत, तशी ही धरणं पुराच्या हिशेबातही नाहीत. डोंगरातून पाण्याचा लोंढा आला की ही लहान धरणं तो छातीवर घेतात आणि गावाकडे सावकाश सोडतात. कागदावर त्यांचं काम सिंचन किंवा पाझर असेल, पण जुलै महिन्यात खालच्या वाडीला त्यांचा उपयोग हाच. मात्र लोंढा घ्यायचा तर पोटात जागा हवी. भरलेल्या हंड्यात घागर कशी ओतणार? आपल्याकडे जुलैतच धरण काठोकाठ भरलं की पुढारी जोडीने येतात, साडी-चोळी, नारळ, ओटी, फोटो. रिकाम्या जागेची ओटी भरताना कुणाचा फोटो पाहिलाय? गाळ मात्र विनाफोटो वर्षानुवर्षं जागा अडवत जातो.

पुणेकर म्हणतील, आम्हाला काय सांगता, आम्ही पानशेत पाहिलंय. खरंय. तेही मातीचंच होतं. बांधकाम पुरतं संपायच्या आत पाणी साठवलं, भिंत खचायला लागली, लष्कराच्या जवानांनी रात्रभर पोती रचली आणि १२ जुलै १९६१ ला सकाळी ते फुटलं. पाठोपाठ खडकवासलाही गेलं. त्यानंतर ‘पानशेतच्या आधी’ आणि ‘पानशेतच्या नंतर’ असं पुण्याचं पंचांग झालं, पण भिंतीवर रोज फेरी मारणाऱ्या माणसाचं पद काही त्या पंचांगात बसलं नाही.

जमतच नाही म्हणावं, तर तसंही नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात कारम नदीवरच्या बांधकाम चालू असलेल्या धरणाला गळती लागली. खालची अठरा गावं रिकामी केली, भिंतीच्या बाजूने चर खोदून पाणी काढून दिलं. धरण बांधणाऱ्यांची अब्रू वाहून गेली. माणूस एकही गेला नाही. म्हणजे गळती दिसल्यावर कुणी शुद्धीवर असेल तर काय होतं, ते शेजारच्या राज्यात बघायला मिळालं. तिवऱ्यालाही गळती दिसली होती. गावकऱ्यांनी तक्रारी केल्या होत्या. दुरुस्ती झाली, असंही त्यांना सांगण्यात आलं होतं.

तेव्हा चोर सोडून संन्याशाला फाशी, असं मी म्हणणार नाही. खेकडा काही संन्यासी नाही. पण त्याच्या बाजूने एवढं नोंदवून घ्या. तो ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी कामावर हजर होता. भिंतीवर नोंदलेली ती एकमेव हजेरी.

तुमच्या गावाच्या वरच्या अंगाला असं एखादं तळं, बंधारा, धरण असेल. असणारच. या पावसात एकदा त्याच्या पायथ्याशी जाऊन या. जाताना पेला न्या. पाणी गढूळ दिसलं तर तहसील कार्यालयाला फोन करा. पण त्याच्या आधी भिंतीखालच्या घरांना हाक मारा; फोन उचलला जाईपर्यंत थांबू नका.