मास्तरांचे राष्ट्राध्यक्ष

अमेरिका पाहिलेला माणूस गोव्यातल्या शिरगावात शोधावा लागेल. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांवर मत नसलेला माणूस मात्र शोधूनही सापडायचा नाही. याचं सगळं श्रेय मास्तरांना.

हे मास्तर म्हणजे कोणी एकच गृहस्थ नव्हेत. डिचोली-पेडण्याच्या कुठल्याही गावात जा, ते भेटतात. मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या राजवटीत गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. त्या शाळांत शिकून, पुढे तशाच शाळांत शिकवून निवृत्त झालेली ही जात. पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिशाला पेन, काखेत छत्री आणि हातात वर्तमानपत्राची अशी घडी, की अग्रलेखच वर राहावा. घरी कोकणी बोलतात, पण वाद घालायचा म्हटला की मराठीत येतात, आणि फारच तापले की व्याकरणशुद्ध मराठीत. सकाळी हॉटेलात पातळ भाजी-पाव पुढ्यात आला की मास्तर विचारतात, ‘‘बोला, सगळ्यांत थोर कोण?’’ कोणांपैकी, ते सांगावं लागत नाही.

अमेरिकेचेच राष्ट्राध्यक्ष का, असं बाहेरचा माणूस विचारील. अहो, गावात दुसऱ्या कोणावर वाद घालायची सोय आहे का? गोव्याचे मुख्यमंत्री घ्यावेत, तर दोन वाक्यांत कोणाचा तरी मेहुणा नाहीतर व्याही निघतो, आणि चतुर्थीला जाणं-येणं बंद होतं. देवांबद्दल तर बोलायलाच नको. आमची लईराई सात बहिणींतली. मुळगावची केळबाई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई, आणि म्हापशाची मिराबाई तर चर्चमधली मिलाग्रीस सायबीण होऊन बसली. यांत थोर कोण, असं तोंडातून काढायची कोणाची छाती नाही. लईराईचं व्रत करून होमखणाच्या निखाऱ्यांतून चालत जाणारे धोंडसुद्धा त्या वाटेला जायचे नाहीत. राष्ट्राध्यक्षांचं तसं नाही. ते कोणाच्या सोयरिकीत येत नाहीत आणि कोणाच्या अंगातही येत नाहीत.

मास्तरांचा देव लिंकन. पुरावा म्हणजे त्याने मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं ते पत्र. वसंत बापटांनी मराठीत आणलेलं हे पत्र फ्रेममध्ये घालून भिंतीला टांगलेलं नाही अशी मराठी शाळा विरळा. मास्तरांनी ते पोरांकडून पाठ करून घेतलं, न येणाऱ्यांना छड्याही दिल्या. (पत्रात काय म्हटलंय ते आठवत असेल, तर या छड्यांचं महत्त्व ध्यानात येईल.) मध्यंतरी कोणाच्या तरी भाच्याने मोबाइल काढून भर हॉटेलात वाचून दाखवलं, की लिंकनने असं पत्र लिहिल्याचा काहीच पुरावा नाही. हॉटेल गप्प झालं. मास्तरांनी पावाचा तुकडा भाजीत बुडवला, सावकाश खाल्ला आणि निकाल दिला, ‘‘लिहिलं नसेल, तर ती लिंकनची चूक. लिहायला पाहिजे होतं.’’

मग मास्तर दुसरा पुरावा काढतात, आणि हा खणखणीत असतो. जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि काळ्या लोकांना दास्यातून सोडवल्याबद्दल अमेरिकेतल्या सज्जन लोकांना ती अर्पण केली. ‘‘आमच्या जोतीरावांनी सही दिली. आता तुमचं काय?’’ इथपर्यंत सगळे मास्तरांच्या बाजूने असतात. पण मास्तरांना थांबता येत नाही. लिंकनने फुटायला निघालेली राज्यं एकत्र ठेवली, म्हणजे तो विलीनीकरणवादी, असं ते पुढे नेतात. 16 जानेवारी 1967 च्या सार्वमतात गोवा महाराष्ट्रात जावा की वेगळा राहावा याचा कौल झाला. विलीनीकरणाला फूल आणि वेगळ्या संघप्रदेशाला दोन पानं, अशा निशाण्या होत्या. पानं 34,021 मतांनी जिंकली. मास्तरांच्या घरचं मत फुलाला होतं, आणि ती जखम अजून ओली आहे. ‘‘लिंकन असता तर त्याने फुलावरच शिक्का मारला असता!’’

गल्ल्यावरून हॉटेलवाला विचारतो, ‘‘गोव्यातला पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला होता त्याच्याकडे?’’

मास्तरांचा खरा प्रतिपक्ष टिपरवाला. याचे एके काळी दोन टिपर खाणीवर चालत होते. याच्या मते थोर एकच, रिचर्ड निक्सन. मास्तरांना हे नाव भाजीतल्या खड्यासारखं लागतं. डिसेंबर 1971 मध्ये बांगलादेशचं युद्ध चालू असताना निक्सनने सातव्या आरमारातली ‘एंटरप्राइज’ युद्धनौका बंगालच्या उपसागराकडे पाठवली, शिवाय वॉटरगेटमध्ये सापडून 1974 च्या ऑगस्टमध्ये राजीनामा देऊन गेला. असला माणूस थोर? टिपरवाला शांतपणे हिशेब मांडतो. फेब्रुवारी 1972 मध्ये निक्सन चीनला गेला. तो गेला म्हणून चीनचं दार उघडलं. दार उघडलं म्हणून चीनने कारखाने काढले, कारखान्यांना पोलाद लागलं, पोलादाला खनिज लागलं. जपानला नको असलेला हलक्या प्रतीचा माल आम्ही डंपवर फेकत होतो, तोही चीन सोन्यासारखा उचलू लागला. 2010-11 साली गोव्यातून पाच कोटी टनांच्या आसपास खनिज बाहेर गेलं. त्यातल्या कितीतरी खेपा याच्या टिपरने बार्जपर्यंत पोचवल्या. ‘‘माझ्या घराचा स्लॅब निक्सनने घातला, मास्तर. तुमच्या लिंकनने काय घातलं?’’

या हिशेबात चूक काढणं कठीण आहे. मी काढून पाहिली. पुस्तकं लिहिणारे इतिहासकार याहून कच्च्या दोऱ्यावर याहून मोठी ओझी टांगतात.

मास्तरांकडे याला एकच उत्तर असतं, आणि ते देताना त्यांचा आवाज खाली येतो. ‘‘स्लॅब घातला ना? आणि विहिरीचं पाणी कोणी नेलं?’’ शिरगावात खाणीचे खड्डे भूजलाच्या पातळीखाली उतरले, विहिरी आटल्या आणि गावाला टँकरची वाट बघायची पाळी आली, हे टिपरवाल्यालाही ठाऊक आहे. त्याच्याही विहिरीची तीच गत. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, पुन्हा सुरू झाल्या आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 लीज रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. तेव्हा त्याने एक टिपर विकला आणि दुसरा अंगणात उभा ठेवला. त्यावर आता पडवळीचा वेल चढलाय. अशा वेळी कोणीतरी आणखी दोन चहा सांगतं आणि विषय केनेडीवर जातो.

केनेडी आमच्याकडे वादग्रस्त. 18 डिसेंबर 1961 ला भारतीय सैन्य गोव्यात शिरलं आणि त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत केनेडींचे प्रतिनिधी ॲडली स्टीव्हन्सन भारतावर तुटून पडले. युद्ध थांबवा, सैन्य मागे घ्या, असा ठराव आला, तो रशियाने नकाराधिकार वापरून उडवला. ‘‘नाहीतर आज तुम्ही पोर्तुगीजमध्ये चहा मागितला असता,’’ मास्तर म्हणतात. जहाजावर नोकरी केलेला एक तारवटी कोपऱ्यात बसलेला असतो. मायामी बंदर पाहिल्यामुळे त्याला तज्ज्ञाचा मान आहे. तो सांगतो, की पोर्तुगालच्या अझोर बेटांवर अमेरिकेचा विमानतळ होता, सालाझारला दुखवून तो घालवायचा कसा? पुढच्याच वर्षी चीन चालून आला, तेव्हा याच केनेडीने शस्त्रं पाठवली की नाही? केनेडीला पास होण्यापुरते मार्क मिळतात.

जिमी कार्टरला मात्र ग्रेस मार्क आहेत. त्यांची आई लिलियन साठीनंतर पीस कोअरमधून परिचारिका म्हणून भारतात आली आणि चक्क विक्रोळीत राहून गेली. हॉटेलवाल्याचा भाऊ विक्रोळीला असतो. झालं, कार्टर घरचेच.

विल्यम हेन्री हॅरिसन 1841 साली राष्ट्राध्यक्ष झाल्यावर एकतीस दिवसांत वारले, हे मास्तर नव्या माणसाला दचकवण्यासाठी सांगतात. गोव्यात याने कोणी दचकत नाही. 1990 मध्ये चर्चिल आलेमाव अठरा दिवस मुख्यमंत्री होते, आणि ते हिंडते-फिरते असताना. ट्रम्पवर मास्तर बोलत नाहीत. परीक्षा चालू असताना पेपर तपासायचा नाही, हा त्यांचा नोकरीतला नियम.

एकदा त्या भाच्यानेच विचारलं, ‘‘मास्तर, अमेरिका सोडा. गोव्याचा सगळ्यांत थोर मुख्यमंत्री कोण?’’ मास्तरांनी टिपरवाल्याकडे पाहिलं, टिपरवाल्याने मास्तरांकडे. भाऊसाहेबांनी शाळा काढल्या, आणि भाऊसाहेब स्वतः खाणमालक होते. दोघांनी एकदमच नाव घेतलं. पुढे बोलायला काही उरलंच नाही, सगळे आठलाच घरी गेले. तो प्रश्न त्यानंतर हॉटेलात बंद आहे.

लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला असते, तेव्हा शिरगावला जरूर या. हॉटेलात मास्तरांनी विचारलंच, तर लिंकन म्हणा. निक्सन म्हणायचं असेल, तर टिपरवाला जवळ बसलाय ना ते आधी पाहा. आणि ‘सगळेच आपापल्या जागी थोर’ असलं काही म्हणणार असाल, तर चहाचे पैसे तुम्हीच द्यायचे.